सतरा वर्षांची अर्पणपत्रिका

सन 1910 च्या डिसेंबरअखेर, बत्तिसावा वाढदिवस अगदी तोंडावर आलेला असताना आणि 'हॉवर्ड्‌स एंड' ही कादंबरी नुकतीच गाजून लंडनच्या वाङ्मयीन वर्तुळात त्याच्या नावाचा बोलबाला सुरू झालेला असताना, एडवर्ड मॉर्गन फॉर्स्टर या अत्यंत संकोची, अबोल आणि आईच्या छायेत वाढलेल्या इंग्रज गृहस्थाने आयुष्यात फार थोड्या वेळा केले असेल असे एक धाडस केले. ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात शिकत असलेल्या सय्यद रॉस मसूद या अलीगढच्या एकवीस वर्षांच्या तरुणाला त्याने सांगितले, की माझे तुझ्यावर प्रेम आहे. मसूदने उत्तर दिले ते इतकेच, की ते मला ठाऊक आहे. त्या उत्तरात होकार नव्हता, नकारही नव्हता, आश्चर्य नव्हते आणि, सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, तिरस्कार नव्हता. ज्या देशात हे वाक्य उच्चारले गेले त्या देशातील फौजदारी कायदा, धर्मपीठ आणि सभ्य समाज या तिन्ही ठिकाणी या निवेदनाला ठरलेली उत्तरे होती. आणि त्यांपैकी एकही उत्तर मसूदने उचलले नाही.

या दोघांचा स्नेह पुढे मसूदच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे एकंदर तीस वर्षे टिकला. वाङ्मयेतिहासात त्याची नोंद बहुधा 'मैत्री' या सदराखाली होते. मैत्री हा शब्द थोर आहे, त्याला कमीपणा आणावा असे माझ्या मनात नाही. पण जेथे एका पक्षाने आपल्या भावनेचे नाव स्वतः उच्चारून दाखविले आहे, तेथे इतरांनी त्याच्या वतीने सौम्य शब्द योजणे हा आदर नव्हे, ती दप्तरातली खाडाखोड आहे. फॉर्स्टरला मसूदविषयी वाटत होते ते प्रेम होते. मसूदने त्याला त्या अर्थाने प्रतिसाद दिला नाही, आणि तरीही ते प्रेम त्याने झिडकारले नाही, लपविले नाही, त्याची चेष्टा होऊ दिली नाही. या प्रेमाचा मागोवा घेत गेलो म्हणजे वाट केंब्रिजहून निघून अलीगढ, बांकीपूर, औरंगाबाद आणि देवास या गावांवरून जाते आणि अखेरीस देहूच्या एका वाण्यापाशी येऊन पोहोचते, म्हणून मराठी वाचकापुढे ही हकीगत मांडावीशी वाटली.

दोघांची घराणी पाहावीत. फॉर्स्टरचा वास्तुशिल्पज्ञ पिता तो दोन वर्षांचाही नव्हता तेव्हा क्षयाने वारला. विधवा आई आणि मावश्या-आत्यांच्या गोतावळ्यात मूल वाढले. आणि मेरिअन थॉर्नटन या वडिलांच्या मावशीने 1887 साली मृत्युपत्राने ठेवलेल्या 8,000 पौंडांच्या व्याजावर त्याचे शिक्षण झाले. टनब्रिजच्या शाळेत त्याला छळाखेरीज फारसे काही लाभले नाही. मात्र 1897 साली केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात पाऊल टाकल्यावर, तेथील वादसभांतून आणि विशेषतः ह्यू मेरेडिथ या सहाध्यायाच्या सहवासातून, देवावरील श्रद्धा त्याने सोडली आणि आपल्या मनाचा कल पुरुषांकडे आहे हेही त्याला हळूहळू उमगले. दुसरीकडे मसूद म्हणजे सर सय्यद अहमदखान यांचा नातू. आजोबांनी कंपनी सरकारच्या न्यायखात्यात मुन्सफी केली, 1857 च्या वेळी ते बिजनोरला सदर अमीन होते, आणि पुढे त्यांनी अलीगढचे महाविद्यालय उभारले. वडील सय्यद महमूद केंब्रिजला शिकून आलेले, अलाहाबादच्या उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती, तल्लख आणि अखेरीस दुःखी. त्यांच्या पश्चात मुलाचा सांभाळ अलीगढ महाविद्यालयाचे माजी प्राचार्य थिओडोर मॉरिसन यांनी पत्करला आणि त्याला विलायतेस आणले. एक इसम उपनगरी मध्यमवर्गाच्या बंद दिवाणखान्यातला. दुसरा दिल्लीच्या बादशाही दरबाराशी नाते सांगणाऱ्या खानदानाचा, उंचापुरा, भरघोस आवाजाचा, गालिबच्या गझला मुखोद्गत असलेला आणि खर्चाला मागेपुढे न पाहणारा. राज्यकर्ता कोण आणि रयत कोण हे केवळ चेहऱ्यावरून ठरवायचे झाले असते तर निकाल उलटा लागला असता.

मेरिअन थॉर्नटनच्या त्या पैशाचा उगम पाहताना मी थबकलो. थॉर्नटन कुटुंब लंडनच्या क्लॅपम भागातील धर्मनिष्ठ सुधारकांच्या मंडळातले होते, गुलामगिरीविरुद्ध झगडणाऱ्यांत अग्रेसर होते, आणि त्याच मंडळात झॅकरी मेकॉले होते, म्हणजे ज्यांच्या देखरेखीखाली हिंदुस्थानच्या दंडसंहितेचा पहिला मसुदा 1837 साली तयार झाला त्या थॉमस मेकॉले यांचे वडील. त्या मसुद्यातून पुढे 1860 ची संहिता झाली आणि तिच्या 377 व्या कलमाने, ज्या संबंधांना येथल्या जुन्या कायद्यांनी इतक्या कठोरतेने कधी आवळले नव्हते, त्यांवर जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठेवली. खुद्द इंग्लंडात 1885 च्या कायद्याने पुरुषापुरुषांतील कोणतीही 'अशिष्ट' जवळीक गुन्हा ठरली आणि 1895 साली ऑस्कर वाइल्डला त्याच कलमाखाली दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. फॉर्स्टर तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्या वयाच्या मुलाच्या मनावर अशा खटल्याचा परिणाम काय होतो हे सांगायला पुरावा लागत नाही. पुढली सत्तर वर्षे त्या माणसाने जे लिहून कुलूपबंद ठेवले तोच तो पुरावा.

ओळख झाली ती लॅटिनच्या शिकवणीतून. नोव्हेंबर 1906 मध्ये, ऑक्सफर्डच्या प्रवेशपरीक्षेसाठी मसूदला लॅटिन पढविणारा कोणी हवा होता आणि जवळच वेब्रिजला आईसह राहणारा फॉर्स्टर मोकळा होता. लॅटिन यथातथाच झाले. मसूद ऑक्सफर्डला इतिहास शिकायला गेला आणि गुरुशिष्याचे नाते मागे पडून बरोबरीचे नाते सुरू झाले. फॉर्स्टर त्याच्या खोलीवर पाहुणा म्हणून जाऊ लागला, पत्रे सुरू झाली, आणि त्या पत्रांत मसूद जी संबोधने योजी ती कुठल्याही इंग्रज घरात नवराबायकोंतही कोणी उच्चारली नसती. अलीगढच्या मुशायऱ्यांत आणि फारसी खलित्यांच्या परंपरेत वाढलेल्या तरुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हते. मित्राला प्राणसखा म्हणणे, त्याच्या विरहाने आपण अर्धे झालो असे लिहिणे, हा त्याच्या संस्कृतीतला राजरोस शिष्टाचार होता. फॉर्स्टरच्या कानांना मात्र तो पहिल्या पावसाचा आवाज होता. एकाच्या भाषेत जे सहज होते ते दुसऱ्याच्या भाषेत कबुली ठरत होते, आणि या अंतरातून जो गोड घोटाळा उत्पन्न झाला, तो दोघांपैकी कोणाचाही अपराध नव्हता.

या अंतराचा एक प्रसंग फॉर्स्टरने स्वतःच पुढे 1926 सालच्या आपल्या इंग्रजी स्वभावावरील निबंधात सांगितला आहे; मित्राचे नाव दिलेले नाही, पण तो मित्र मसूदच हे त्याच्या चरित्रकारांनी ओळखले आहे. दोघांनी मिळून युरोपात आठवडाभर सुटी घालविली आणि निरोपाची वेळ आली. एकदोन महिन्यांतच पुन्हा भेट व्हायची असल्यामुळे फॉर्स्टर प्रसन्न होता. मित्र मात्र आता सुख संपले म्हणून शोकात बुडाला. फॉर्स्टरने त्याला दटावले, की एवढ्याशा वियोगासाठी एवढे दुःख शोभत नाही. पुन्हा भेटले तेव्हा तो वाद पुढे चालू झाला आणि मित्राने संतापून विचारले, की तुम्ही भावना काय बटाट्यांसारख्या तागडीत घालून मोजून देता? फॉर्स्टरनेही चिडून प्रत्युत्तर दिले, की बादलीभर पाणी भसाभस ओतण्यापेक्षा बटाटे मोजणे बरे. मित्राचे म्हणणे असे पडले, की भावनेला प्रसंगाच्या लहानमोठेपणाशी कर्तव्य नाही, ती खरी असली की झाले. मला फार वाटले म्हणून मी फार दाखविले.

हा वाद मी पुनःपुन्हा वाचला आहे, आणि दर खेपेस माझे मन मसूदच्या बाजूला झुकते. जमाखर्च जुळविण्याची सवय लागलेल्या इंग्रज मध्यमवर्गाने भावनेचीही खातेवही ठेवली होती, हे फॉर्स्टरला पुढे स्वतःच मान्य करावे लागले. पण त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. मसूदला आपली भावना उघड करताना काहीच गमवायचे नव्हते. ती त्याच्या समाजाने मान्य केलेली नाणी होती. फॉर्स्टरजवळचे नाणे बेकायदेशीर होते. ज्याच्या खिशातले द्रव्य बाहेर काढताच जप्त व्हायचे असते, तो माणूस मोजून खर्च करतो, ते कृपणतेने नव्हे. म्हणूनच 1910 च्या अखेरीस त्याने ते नाणे बाहेर काढून मसूदपुढे ठेवले, याचे मोल मला फार वाटते.

त्यानंतर काही तुटले नाही. 1911 च्या उन्हाळ्यात दोघे आल्प्सच्या इटालियन भाषिक भागात सरोवरांकाठी हिंडले. तुझ्या ठायी माझ्या देशाविषयी खरी समज आहे, तेव्हा तू हिंदुस्थानावर कादंबरी लिहायला हवीस, असे मसूदने त्याला आग्रहाने सुचविले. 1912 मध्ये बॅरिस्टर होऊन मसूद स्वदेशी परतला आणि त्याच साली ऑक्टोबरात फॉर्स्टर त्याच्यामागोमाग बोटीत चढला.

ऑक्टोबर 1912 च्या उत्तरार्धात तो मुंबई बंदरात उतरला. सोबतची मंडळी प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या करीत होती. हा तडक अलीगढला गेला. मसूद भेटला, आदरातिथ्याला सीमा नव्हती, परंतु विलायतेतला विद्यार्थी आता वकील झाला होता, नातेवाइकांचा, पक्षकारांचा आणि राजकारणी स्नेह्यांचा वेढा त्याच्याभोवती पडला होता. जानेवारी 1913 मध्ये, पाटण्यालगतच्या बांकीपूरला मसूद वकिली करीत असता, फॉर्स्टर त्याच्या बिऱ्हाडी दोन आठवडे राहिला. तो मुक्काम निराशेचा झाला. शेवटच्या रात्री काय घडले याची त्याच्या रोजनिशीत अगदी तुटक नोंद आहे: अश्रू, मच्छरदाणी, फुरफुरणारा दिवा, दोन खोल्यांच्या मधली उंच पायरी, आणि मग परत येऊन थोडेसे सांत्वन. ती उंच पायरी कोणत्या दिशेने कोण ओलांडून गेले हे चरित्रकारांनी तर्काने भरून काढले आहे; मी तसे करणार नाही. पहाटे मसूद झोपेत असतानाच फॉर्स्टर निघाला आणि मसूदनेच करून दिलेल्या व्यवस्थेप्रमाणे गयेच्या उत्तरेकडील बराबर टेकड्यांतील लेणी पाहायला गेला.

ही लेणी ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकातली, अशोकाने आजीविक पंथाच्या यतींना दिलेली. आपल्या अजिंठा-वेरूळचा मनुष्य तेथे गेला तर गोंधळून जाईल, कारण आत चित्र नाही, मूर्ती नाही, स्तंभ नाही. आहे ती फक्त आरशासारखी झिलई दिलेली ग्रॅनाइटची भिंत आणि उच्चारलेला प्रत्येक शब्द विरूप करून परत फेकणारा प्रतिध्वनी. अकरा वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या 'अ पॅसेज टु इंडिया' या कादंबरीच्या मध्यभागी हीच लेणी नाव बदलून उभी आहेत, आणि त्यांच्या आत नेमके काय घडले हे लेखकाने वाचकाला अखेरपर्यंत सांगितलेले नाही. टीकाकारांनी या गूढावर पुष्कळ तत्त्वज्ञान रचले आहे. मला मात्र वाटते, की ज्या सकाळी तो त्या पोकळ अंधारात शिरला त्या सकाळी त्याच्या कानांत आदल्या रात्रीचे शब्द होते, आणि दगडाने ते त्याला अर्थ काढून घेऊन परत दिले.

परतीच्या वाटेवर तो औरंगाबादला थांबला. तेथे मसूदचा एक मित्र निजाम सरकारचा मुन्सफ होता. त्याच्याकडे मुक्काम करून फॉर्स्टरने दौलताबाद आणि वेरूळ पाहिले. एकदा घोड्यावरून रपेट करताना या मुन्सफाने एकाएकी उसळून सांगितले, की पन्नास वर्षे लागोत की पाचशे, आम्ही तुम्हाला येथून घालवून देऊ. कादंबरीच्या अखेरच्या पानावर डॉक्टर अझीझ आपल्या इंग्रज मित्राला, फील्डिंगला, घोड्यावरूनच जे ऐकवतो त्याचे मूळ आपल्या मराठवाड्याच्या मातीत आहे. एप्रिल 1913 मध्ये तो मुंबईहून बोटीत बसला.

त्याच वर्षी, डर्बीशायरमध्ये आपल्या सोबत्यासह उघडपणे संसार थाटून राहणाऱ्या एडवर्ड कार्पेंटरची भेट घेऊन आल्यावर, फॉर्स्टरने केंब्रिजमधील दोन विद्यार्थ्यांच्या प्रेमापासून सुरू होणारी 'मॉरिस' ही कादंबरी लिहायला घेतली आणि 1914 मध्ये ती संपविली. शेवट सुखाचाच हवा हा त्याचा हट्ट होता, आणि त्या सुखान्तामुळेच ती छापणे अशक्य होते. नायकांना फाशी किंवा आत्महत्या दिली असती तर कदाचित चालले असते. हस्तलिखित विश्वासू स्नेह्यांत फिरत राहिले. इंग्लंडातील कायदा 1967 मध्ये बदलला, फॉर्स्टर 1970 च्या जूनमध्ये वारला, आणि पुस्तक 1971 मध्ये निघाले.

आता देवास. माळव्यातील हे पवारांचे मराठा संस्थान, थोरली पाती आणि धाकटी पाती असे दुभंगलेले; गावावरच्या टेकडीवर चामुंडा आहे आणि तुळजाभवानीही आहे, मराठ्यांनी आपली कुलस्वामिनी नर्मदेपलीकडे नेली त्याची ती खूण. थोरल्या पातीचे महाराज तिसरे तुकोजीराव यांच्याशी फॉर्स्टरची ओळख पहिल्या प्रवासातच झाली होती, आणि 1921 मध्ये तो त्यांचा खासगी चिटणीस म्हणून सहा-सात महिने दरबारी राहिला. मराठी पागोटे घातलेले त्याचे छायाचित्र उपलब्ध आहे. हिशेबांत मेळ नाही, बांधकामे अर्धवट, खजिना रिता, अशा त्या कारभारात तो चिटणीस म्हणून फारसा उपयोगी पडला नाही. पण तेथे त्याने मसूदखेरीज दुसऱ्या एका हिंदी माणसाला आपले गुपित सांगितले. राजवाड्यातील एका चाकराशी आलेल्या संबंधाची कुजबुज सुरू झाली तेव्हा तो स्वतः महाराजांकडे गेला, आणि महाराजांनी त्याला हाकलून दिले नाही, उपदेशही केला नाही, तर ममतेने वागविले. या प्रकरणाचा वृत्तान्त त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्याने स्वतःचे वर्तन उजळ करून दाखविलेले नाही: राजाच्या चिटणिसाने चाकराशी जोडलेल्या त्या नात्यात सत्तेचे विष होते आणि त्यातून आपल्या मनात क्रूरता जागी झाली, हे त्याने कबूल केले आहे. मसूदच्या बाबतीत असे विष कधीच शिरले नाही, कारण तेथे मान तुकवायला कोणीच तयार नव्हते.

त्या श्रावणात देवासच्या जुन्या राजवाड्यात गोकुळाष्टमीचा उत्सव दिवसचे दिवस चालला. गर्दी, ढोलताशे, लोणी, गुलाल, भक्तीने बेभान होऊन देवापुढे नाचणारे महाराज: अनीश्वरवादी फॉर्स्टर हे सर्व अवाक् होऊन पाहत होता, घरी पाठविलेल्या पत्रांत त्याने ते बारकाव्यानिशी नोंदले, आणि 1953 मध्ये ती पत्रे 'द हिल ऑफ देवी' या नावाने प्रसिद्ध केली. तत्पूर्वीच हा उत्सव कादंबरीच्या तिसऱ्या भागात शिरला होता. त्या भागाचा सूत्रधार प्राध्यापक नारायण गोडबोले हा दक्षिणी ब्राह्मण आहे, आणि कृष्णजन्माच्या घटकेला तेथे ज्याचे नाव घेऊन गजर होतो तो तुकाराम आहे. मुसलमान मित्रावरील प्रेमातून जन्मलेल्या आणि त्यालाच अर्पण केलेल्या इंग्रजी कादंबरीला आपला शेवट गवसेना, तेव्हा तिला तुकोबांच्या अंगणात यावे लागले, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. मायबाप, सखा, सोयरा अशी सगळी नाती एकाच विठोबाशी जोडणाऱ्या परंपरेत, प्रेमाला आधी त्याचे सदर विचारण्याची चाल नव्हती. आणि तेवढ्यापुरता तरी त्या परक्या माणसाला तेथे निवारा मिळाला.

देवास सोडल्यावर तो हैदराबादेस मसूदकडे राहिला. मसूद वकिली सोडून शिक्षणखात्यात शिरला होता आणि 1916 पासून निजामाच्या राज्यात शिक्षणसंचालक होता. उर्दूतून उच्च शिक्षण देणाऱ्या उस्मानिया विद्यापीठाच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. परकी भाषा झुगारून देशी भाषेत विज्ञान शिकविण्याची ती हिंमत थोरच होती; पण त्याच राज्यातल्या मराठवाड्यात ज्यांची आई मराठी बोलत होती त्या मुलांना उर्दूही परकीच होती, आणि त्या मुलांच्या वाट्याला आलेली उपेक्षा या थोर कार्याच्या छायेतलीच होती. मसूदवर माया जडली असतानाही हे लिहिल्यावाचून राहवत नाही. मसूद आता कुटुंबवत्सल गृहस्थ झाला होता, दोन मुलांचा बाप होता. ही मुले पुढे शिकायला विलायतेस गेली तेव्हा तेथे त्यांचा पालक म्हणून फॉर्स्टर उभा राहिला.

कादंबरी 1924 च्या जूनमध्ये प्रसिद्ध झाली. अर्पणपत्रिकेत मसूदचे नाव आहे आणि त्याखाली स्नेहाच्या वर्षांची संख्या आहे: सतरा. भावना तागडीत मोजतोस म्हणून ज्याला मित्राने झाडले होते, त्याने चारचौघांत उच्चारता येण्याजोगे जे एकच परिमाण शिल्लक होते ते वापरले.

मसूद पुढे अलीगढ विद्यापीठाचा कुलगुरू झाला, त्याला सर हा किताब मिळाला, मतभेदांमुळे ते पद सोडून तो भोपाळ संस्थानाचा शिक्षणमंत्री झाला आणि 30 जुलै 1937 रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तेथेच वारला. इकबाल यांनी त्याच्यावर विलापिका लिहिली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात, कर्जाने संस्थान गमावून पाँडिचेरीला आश्रय घेतलेले तुकोजीरावही गेले. मसूदच्या स्मरणार्थ अंजुमन तरक्की-ए-उर्दूच्या नियतकालिकासाठी फॉर्स्टरने एक छोटा लेख पाठविला. उपनगरी आणि विद्यापीठीय जगण्यातून आपल्याला कोणी बाहेर काढले, एका नव्या संस्कृतीचे क्षितिज कोणी दाखविले आणि मसूद नसता तर आपण हिंदुस्थानात आलो असतो का, याचा त्यात त्याने हिशेब दिला आणि हे ऋण मोजता येण्याजोगे नाही असे लिहिले. 1910 च्या डिसेंबरातल्या त्या संध्याकाळचा उल्लेख त्यात नाही. ज्याला ती ठाऊक होती तो अलीगढला, आजोबांच्या महाविद्यालयाच्या आवारात, मातीखाली होता.